आचरण हीच साक्ष

वर्गाच्या हजेरीपटावर चाळीस नावे असावीत आणि त्यांत ख्रिस्ती नाव एखाददुसरेच असावे, ही मयेसारख्या गावातील नित्याची गोष्ट आहे. नाईक, गावकर, परब अशी आडनावे एकामागून एक जातात आणि मध्येच एखादा फर्नांडिस किंवा डिसोझा येतो. त्या नावापाशी वर्गाचे डोळे क्षणभर थबकतात. त्या डोळ्यांत द्वेष नसतो, असते ते निव्वळ कुतूहल. तुमच्या देवाला नैवेद्य काय दाखवता? रविवारी मिसाला एवढा वेळ काय करता? कुमसार म्हणजे काय, आणि पाद्रीला सगळे खरे सांगावेच लागते काय? हे प्रश्न शाळेत असताना आम्हांला विचारले गेले आणि आज तुम्हांलाही विचारले जात असतील. त्यांची उत्तरे तोंडाने देणे अवघड नाही. तथापि शेजाऱ्याच्या मनात आपल्या धर्माविषयी जी समजूत कायमचे घर करून राहते, ती आपल्या उत्तरांवरून बनत नाही; आपण रोज कसे वागतो यावरून बनते. मराठी शाळेत शिकणाऱ्या आमच्या ख्रिस्ती विद्यार्थिमित्रांशी या एकाच गोष्टीविषयी चार शब्द बोलावेत, अशी आमची इच्छा आहे. इतरांनीही ते ऐकावेत, कारण वागणुकीचा प्रश्न कोणा एका धर्माच्या मालकीचा नाही.

आमच्या या भागात ही गोष्ट विशेष महत्त्वाची का, हे समजण्यासाठी थोडे इतिहासात डोकावले पाहिजे. मयेपासून जवळच नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय आहे. कदंब राजांचे हे दैवत मूळचे नदीपलीकडच्या दिवाडी बेटावरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तेथील देवालय पाडले. पुढे देव नदी ओलांडून नार्व्यास आला आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. त्या काळी जुन्या काबिजादीत कित्येक देवळे पडली आणि कित्येक कुटुंबे आपले देव घेऊन परागंदा झाली. १५६० साली आलेले इन्क्विझिशन, मधला अल्पसा खंड सोडला तर, १८१२ पर्यंत टिकून राहिले. डिचोलीचा प्रांत पोर्तुगीजांच्या हाती गेला तो १७८१ साली. तोपर्यंत धर्मांतराची ती लाट ओसरली होती. म्हणूनच आमच्या बाजूस देवळे उभी राहिली आणि ख्रिस्ती घरे थोडीच राहिली.

ही आठवण आमच्या शेजाऱ्यांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. तीत तुमचा अपराध काडीमात्र नाही. चार शतकांपूर्वीच्या सत्तेच्या कृत्यांचा जाब पंधरा वर्षांच्या मुलाने द्यावा, असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. परंतु ज्या भूमीत धर्माच्या नावाने एकदा जबरदस्ती झाली, त्या भूमीत धर्म सांगण्याचा एकच मार्ग शोभून दिसतो. तो म्हणजे धर्म जगून दाखविणे. आमच्या सांगण्याचा सारा मथितार्थ एवढाच आहे.

सुदैवाने येथील लोकमन मोठे उदार आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, आमच्या मयेची महामाया आणि मोरजीची मोरजाय या सख्ख्या बहिणी, आणि त्यांच्यापैकीच एक मिराबाय ही म्हापशाची मिलाग्रीस सायबीण झाली, अशी लोककथा तुम्ही घरोघरी ऐकली असेल. म्हापशाच्या फेस्ताला हिंदू भाविकही श्रद्धेने जातात आणि सायबिणीला तेल वाहतात. कथेच्या खरेखोटेपणाचा वाद पंडितांनी करावा. आम्हांला तीत दिसतो तो गावकऱ्यांचा न्याय: बहिणीने धर्म बदलला, तरी तिचे बहीणपण कोणी काढून घेतले नाही. ज्या गावाने आपल्या देवीला असे ख्रिस्ती नाते जोडून दिले, त्या गावातील ख्रिस्ती मुलाने स्वतःस परका समजण्याचे कारण नाही. आणि त्या नात्याला उणेपणा येईल असे वागण्याचा अधिकारही त्याला नाही.

संख्येने थोडे असणाऱ्या मुलासमोर दोन मोह उभे राहतात. पहिला मोह लपण्याचा. गळ्यातला खुरीस सदऱ्याच्या आत सारावा, शुक्रवारचा उपास असला तर पोट दुखते म्हणून सांगावे, कोणी आपल्या धर्माची थट्टा केली तर सर्वांत मोठ्याने आपणच हसावे, म्हणजे वेगळेपणा कोणाच्या ध्यानात येत नाही, असे त्याला वाटते. दुसरा मोह मिरविण्याचा. आमचेच तेवढे खरे, आमच्याच घरी शिस्त, आमच्याच शाळा चांगल्या, असे बोलून तो आपल्या थोडेपणाची भरपाई करू पाहतो. हे दोन्ही मोह एकाच भीतीची लेकरे आहेत. आपण जसे आहोत तसे पुरेसे नाही, ही ती भीती. जो मुलगा सहजपणे सांगतो की, आज माझा उपास आहे, आणि तेवढे सांगून पुन्हा खेळात रमतो, त्याने या दोन्ही मोहांना जिंकले असे समजावे.

आमच्याच गोमंतकाने याचा एक थोर आदर्श जगाला दिला आहे. १६५१ साली बाणावली येथे जन्मलेले पाद्री जुझे वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेत पोहोचले. तेथील किनाऱ्यावर तेव्हा डचांचे राज्य होते. डचही ख्रिस्तीच, परंतु निराळ्या पंथाचे. त्यांनी कॅथलिक पाद्रींना बंदी केली होती. म्हणजे वाझ यांचा छळ करणारे हात ख्रिस्ती होते, आणि पुढे त्यांना आसरा मिळाला तो कँडीच्या बौद्ध राजाकडे. तोही सुखासुखी मिळाला नाही. प्रथम हेर समजून राजाने त्यांना कैदेत टाकले. अशा माणसापाशी ना सत्ता होती, ना सैन्य, ना पैसा. १६९७ मध्ये कँडीत देवीची भयंकर साथ आली. घरच्यांनी आजाऱ्यांना टाकून पळ काढला. तेव्हा वाझ आणि त्यांचे भाचे पाद्री जुझे कार्व्हाल्यो यांनी त्या टाकलेल्या माणसांची शुश्रूषा केली, त्यांच्यासाठी आसरे उभारले आणि मेलेल्यांना मूठमाती दिली. आजारी माणूस बौद्ध की ख्रिस्ती, हे त्यांनी विचारले नाही. त्या सेवेमुळे राजाच्या मनात त्यांच्याविषयी जो आदर निर्माण झाला, तो शंभर प्रवचनांनी झाला नसता. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथेच त्यांनी देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले, तेव्हा साऱ्या गोव्यात आनंदाने घंटा वाजल्या. आपण त्या घंटांचा अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. पण तो अभिमान देवीच्या रोग्याच्या उशाशी बसण्याच्या तयारीपर्यंत पोहोचला पाहिजे.

वाझ यांच्या मागून श्रीलंकेत गेलेले पाद्री जाकोम गोन्साल्व्हिस हे तर आमचे नदीपलीकडचे शेजारीच म्हटले पाहिजेत. त्यांचा जन्म १६७६ साली दिवाडीस झाला. ज्या बेटावरून सप्तकोटेश्वराला जावे लागले, त्याच बेटाने पुढे हा पुत्र परदेशी धाडला. त्यांनी तेथे जाऊन आपली भाषा लोकांवर लादली नाही. त्यांनी सिंहली आणि तमिळ या भाषा विद्यार्थी होऊन शिकून घेतल्या आणि सिंहलीत इतके उत्तम ग्रंथ लिहिले की, त्या भाषेच्या वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान मिळाले. मराठीवरही असेच एक ऋण आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्याहून निघाली. मराठी ही आपली भाषा नव्हे, असे जर एखाद्या ख्रिस्ती मुलाला कोणी म्हटले, तर त्याने रागावू नये. चारशे वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ दाखवावा. आणि त्याहून चांगले उत्तर द्यायचे असेल, तर मराठीचा पेपर मन लावून लिहावा. शेजाऱ्याची भाषा प्रेमाने आणि शुद्ध बोलणे, हीही त्याच्यावर प्रेम करण्याचीच एक रीत आहे.

आता थोरांच्या गोष्टी सोडून आपण आपल्या बाकावर येऊ. विद्यार्थिदशेत श्रद्धेची परीक्षा कोठे होते, असे विचाराल तर आम्ही म्हणू की, ती गणिताच्या पेपरात होते. गुरुजींची पाठ वळते आणि शेजारचा कागद दिसू लागतो, तोच तो क्षण. आमच्याविषयी एक विनोद फार जुना आहे: 'यांचे काय, आठवडाभर हवे ते करायचे आणि शनिवारी कुमसार केला की पाटी कोरी!' हा विनोद ऐकून आम्हांला वाईट वाटते. पण तो कोठून निपजला, याचाही विचार केला पाहिजे. कुमसारात पश्चात्ताप लागतो, पुन्हा तसे न करण्याचा निर्धार लागतो आणि दुसऱ्याचे घेतले असेल ते परत करावे लागते, हे आपल्या शेजाऱ्याला धर्मशिक्षणाच्या पुस्तकातून कळणार नाही. ज्या मुलाने मैदानावर आपली चूक स्वतः होऊन पंचाला सांगितली, सापडलेले पाकीट जसेच्या तसे कचेरीत नेऊन दिले, किंवा भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहिला हात पुढे केला, त्याच्या वर्तनातून ते कळेल. असा एक मुलगा वर्गात असला की तो विनोद आपोआप मरतो.

दुसरी गोष्ट सणासुदीची. ख्रिस्ती म्हटले की दारू आणि नाच, असा एक समज परगावच्या लोकांत, आणि क्वचित आपल्या शेजाऱ्यांतही आढळतो. सिनेमांनी त्यास बरेच खतपाणी घातले आहे. आमच्या घरांतून पहाटे उठून राबणाऱ्या आया, दिवेलागणीला होणारा तेर्स, उपासाचे चाळीस दिवस, हे त्या सिनेमांत कोठेच दिसत नाही. पण समज दूर करण्याचे काम रागाने होत नसते. फेस्ताच्या किंवा लग्नाच्या दिवशी मित्रांनी पेला पुढे केला असता जो मुलगा हसत नको म्हणतो, आणि तरीही सर्वांत जास्त आनंदात दिसतो, तो हे काम करतो. जी मुलगी नाताळच्या नेवऱ्या आणि दोदोल घेऊन शेजारी जाते, आणि ज्या घरी यंदा सुतक आहे त्या घरी पाच मिनिटे अधिक बसते, तीही हेच काम करते. तसेच शेजाऱ्याच्या चवथीला माटोळीची फळे बांधताना त्याला हात दिला, तर आपली श्रद्धा पातळ होत नाही. जी श्रद्धा दोरीच्या एका गाठीने सुटते, ती मुळातच सैल होती असे म्हटले पाहिजे.

तिसरी गोष्ट बोलायला कठीण, तरीही बोलली पाहिजे. सर्व माणसे एका पित्याची लेकरे, असे आपण प्रार्थनेत म्हणतो. परंतु गोमंतकातील ख्रिस्ती समाजातून जात गेली नाही. जुन्या काळी कोंफ्रारियांचे मानपानसुद्धा जातीनुसार ठरत, आणि सोयरीक जुळविताना तो प्रश्न आजही हळू आवाजात विचारला जातो. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण अशा वेळी आपल्यालाच लागू पडते. या बाबतीत लक्ष्मीबाई टिळकांची आठवण ठेवावी. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांना आकाश कोसळल्यासारखे झाले आणि त्या कित्येक वर्षे सोवळ्यातच राहिल्या. पुढे एके दिवशी विचार करता करता त्यांना जाणवले की, देवाने माणसे निर्माण केली आणि जाती मात्र माणसांनी. त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरविले. हे त्यांनी स्वतः 'स्मृतिचित्रे'त सांगितले आहे. बाप्तिस्मा नंतर आला, जातीचे ओझे आधी उतरले. ज्यांना बाप्तिस्मा पाळण्यातच मिळाला, त्या आपल्यासारख्यांनी हा क्रम पाहून अंतर्मुख व्हावे. घरातील वडीलधाऱ्यांशी वाद घालण्याचे तुमचे वय नाही. परंतु कोणत्याही सवंगड्याला त्याची जात न विचारता त्याच्या डब्यातील घास घेण्याचे तुमचे वय नक्कीच आहे, आणि ते पाहून वडीलधारेही पुष्कळ शिकतात.

काहींना वाटेल की, संतांचा काळ वेगळा होता. त्यांच्या हाती मोबाईल नव्हता. अशांसाठी कार्लो अकुतिस या मुलाचे चरित्र आहे. त्याचा जन्म ३ मे १९९१ रोजी लंडनमध्ये झाला आणि तो इटलीतील मिलान शहरात वाढला. १२ ऑक्टोबर २००६ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संतपद दिले. हा मुलगा संगणकात निष्णात होता, फुटबॉल खेळे आणि व्हिडिओ गेमही खेळे. पण त्या खेळाला त्याने आठवड्यातून एकच तास नेमून दिला होता, असे त्याचे चरित्रकार सांगतात. हातखर्चाचे पैसे तो रस्त्यावर झोपणाऱ्या निराश्रितांसाठी वाचवीत असे आणि शाळेत ज्या मुलांना इतर जण छळीत, त्यांच्या बाजूने उभा राहत असे. यांतील कोणती गोष्ट मयेत करता येत नाही? वर्गाच्या व्हॉट्‌सॲप गटात एखाद्या मुलीची टिंगल सुरू झाली असता, 'हे बरे नव्हे' असे चार शब्द लिहिणारा पहिला विद्यार्थी तुम्ही होऊ शकता. त्यासाठी संत असावे लागत नाही. थोडे धैर्य असावे लागते.

एका धोक्याची सूचना मात्र आम्ही अगत्याने देतो. चांगले वागणे हे आमिष नव्हे. मी मदत करतो, म्हणून तू माझ्या धर्माकडे वळ, असा हेतू मनात लपवून केलेली मदत हा एक प्रकारचा व्यापार होय, आणि आमच्या भागात तर तो जुन्या जखमेवर मीठ चोळणारा व्यापार होय. कँडीत वाझ यांनी रोग्याला पाणी पाजले, ते त्याला तहान लागली होती म्हणून. त्याचप्रमाणे, आपण चांगले वागतो हे कोणी पाहते आहे की नाही, याचा हिशेब ठेवू नये. ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना दानाविषयी हीच शिकवण दिली आहे: उजवा हात देतो ते डाव्यालाही कळू नये. मग उदाहरण तरी कसे घालून द्यावे, असा प्रश्न तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर असे की, उदाहरण घालून देण्यासाठी म्हणून वागूच नये. नीट वागावे, त्याचे उदाहरण होते की नाही हे दुसऱ्यांनी ठरवावे. मयेच्या तळ्यात आकाश दिसते ते पाणी स्थिर असते म्हणून. त्यासाठी तळ्याला काही खटपट करावी लागत नाही.

वय लहान आहे म्हणून कोणी तुम्हांला तुच्छ लेखू नये. बोलण्यात, वागण्यात, प्रेमात आणि शुद्धतेत तुम्हीच इतरांचे आदर्श व्हावे, असा उपदेश संत पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्रातून केला होता. त्या उपदेशाला जवळजवळ दोन हजार वर्षे होत आली. मोठे झाल्यावर आम्ही चांगले होऊ, असे म्हणण्याची सवलत त्यात दिलेली नाही. अनुकरण करणारे डोळे तुमच्याकडे आजच लागले आहेत: घरातील धाकट्या भावंडांचे, खालच्या वर्गातील मुलांचे, आणि शेजारच्या त्या मुलाचे, ज्याच्या ओळखीचे सबंध गावात तुम्हीच एकटे ख्रिस्ती असाल. तो उद्या नोकरीसाठी पुण्या-मुंबईस जाईल. तेथे कोणी ख्रिस्ती लोकांविषयी काही बोलले, तर त्याला ना चर्च आठवेल, ना धर्मग्रंथ. त्याला तुम्ही आठवाल. त्या वेळी त्याच्या तोंडून, 'आमच्या वर्गात एक होता, तो तर फार सरळ होता,' एवढे एकच वाक्य निघाले, तरी तुमच्या शाळेतील वर्षांचे सार्थक झाले असे आम्ही समजू.